राहुकाळाआधीची चौकशी

मी भांडखोर आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्या शुक्रवारी मी भांडले नसते तर सिंगापूरपासून न्यू जर्सीपर्यंत तीनशे चाळीस घरांतले कॉम्प्युटर एका दमात आडवे झाले असते. हे मी आजही छातीठोकपणे सांगते, मग कोणी मला काहीही म्हणो.

साल २००१. एम.सी.ए. होऊन मी चेन्नईतल्या एका कंपनीचं नेमणूकपत्र हातात घेऊन घरभर नाचले होते. रुजू व्हायला आठ दिवस उरले आणि कंपनीने पत्र मागे घेतलं. अमेरिकेत मंदी आली म्हणे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी चरफडत तंजावूरला परत आले आणि साउथ मेन स्ट्रीटवरच्या एका ब्राउझिंग सेंटरात कामाला लागले. आठ मशीन, एक मोडेम, कोपऱ्यात परदेशी फोन करायची काचेची खोली, आणि मालक सुब्रमण्यम सार, ज्यांना कॉम्प्युटरमधलं फक्त चालू-बंद कळायचं.

मे महिन्यात एका सकाळी आठपैकी सहा मशीन मेली. कोणीतरी मेलमध्ये आलेल्या लिंकवर क्लिक केलं होतं. लिंक म्हणत होती, ‘फोटो बघा’. फोटोऐवजी आत शिरला एक प्रोग्राम. त्याने आधी पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तीच लिंक धाडली आणि मग मशीनमधली पत्रं, फोटो, प्रोजेक्ट, सगळं पुसून टाकलं. एका मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध गेला. ती माझ्यासमोर बसून ढसाढसा रडली आणि मला असा राग आला, असा राग आला, की तीन दिवसांत मी एक अवजार लिहून काढलं.

दिसायला त्यात काहीच नव्हतं. सेंटरातल्या एका जुन्या मशीनवर मी मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतून विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला काही काम नाही. तिथे टाइप करायचं ‘चौकशी’, पुढे ती लिंक, आणि एंटर. अवजार तुमच्याऐवजी त्या पत्त्याची पाहणी करायचं आणि सांगायचं, ‘या’ किंवा ‘नको’. अक्षरं रोमन, पण शब्द मराठी! तीनशे वर्षांपूर्वी तंजावूरला येऊन राहिलेल्या आमच्या मराठी घरांत देवनागरी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मी स्वतः ही लिपी लग्नानंतर पुण्यात शिकले. पण घरात बोलतो ते मराठीच, आणि माझ्या अवजाराने माझ्याच भाषेत बोलावं अशी माझी हौस. पहिल्यांदा पडद्यावर ‘नको’ उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उडी मारून टाळी वाजवली. सारांना वाटलं मला शॉक बसला.

आता सेतुराम मामा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या सगळ्या मराठी घरांचे मामा. गणिताचे निवृत्त शिक्षक, धोतरासारख्या वेष्टीला कडक इस्त्री, कपाळाला गोपीचंदन. जगात कुठेही गेलेल्या आमच्या मंडळींचे तीनशे चाळीस ई-मेल पत्ते त्यांनी जमवले होते. रोज सकाळी दहाला ते सेंटरात यायचे आणि मंडळींच्या बातम्या सगळ्यांना पाठवायचे. कोणाला मुलगा झाला, कोणाची मुंज ठरली, कोण गेलं. त्यांची मेल आली की लोक हातातलं काम टाकून ती उघडायचे. मामांनी पाठवलंय म्हणजे शंका घ्यायचं कारणच नाही.

आणि नेमकी त्यांच्याच बाबतीत माझी चौकशी तोंडघशी पडली.

मामांची पुतणी अखिला बंगळूरला होती. तिने बाळाच्या बारशाचे फोटो तिच्या ऑफिसातल्या एका मशीनवर ठेवले आणि लिंक पाठवली. त्या पत्त्यात नाव नव्हतं, नुसते आकडे. माझ्या अवजाराला मी शिकवून ठेवलं होतं की नाव लपवणारा तो चोर. त्याने बेधडक सांगितलं, ‘नको’. मी मामांना ती मेल पाठवू दिली नाही. तीन दिवस बारशाचे फोटो कोणालाच दिसले नाहीत, अखिलाची सासू रुसली, आणि चौथ्या दिवशी कळलं की लिंक अगदी निर्मळ होती.

"माझ्या घरच्या तान्ह्या बाळाला तूं चोर ठरविलीस की!" मामा भर सेंटरात म्हणाले. "पुन्हा एकदा असें झालें तर मी समोरच्या सेंटरांत जाईन. तेथें कोणी कोणाला कांहीं विचारत नाहीं."

सारांनी मला तमिळमध्ये बाजूला घेतलं. मामा गेले तर त्यांच्यामागून निम्मी गल्ली जाईल, तेव्हा आणखी एक चूक झाली तर ते काळं मशीन भंगारात आणि मी घरी. माझी नोकरी एवढुशी होती, पण ती चौकशी मात्र माझी होती. माझ्या हातून झालेली पहिली खरी वस्तू. ती भंगारात जाणार या कल्पनेने माझ्या घशाखाली घास उतरेना.

ते माझ्या आत्याच्या लक्षात आलं. भागीरथी आत्या म्हणजे आमच्या जातीतली सगळ्यात नावाजलेली स्थळांची तपासनीस. तिने होकार दिलेलं लग्न मोडल्याचं कोणाला आठवत नाही. मी ताटावर बसून तिला सगळं सांगितलं, तशी ती मला वेड्यात काढून हसली.

"नुसता पत्ता बघूनि स्थळ मोडतात की? नंबराच्या घरांत चांगलीं माणसें राहत नाहींत?"

"मग तूं काय करत्येस, आत्या?"

"स्थळ कोण आणलें त्याला विचारायचें. त्याला कोण सांगितलें, त्याच्याकडे जायचें. असें मागें मागें जाऊनि शेवटल्या घरांत पोचायचें. आंत जाऊनि बसायचें नाहीं, कापी प्यायची नाहीं. सैंपाकघराच्या दारांत उभें राहूनि वास घ्यायचा. बाहेर रांगोळीचें कितीही मोठें कोलम काढलेलें असो, आंत काय शिजतें तें वासावरूनि कळतें."

"आणि मध्यस्थ फार असले तर?"

"दोनाहूनि जास्त मध्यस्थ दिसले कीं मी चपला घालूनि निघूनि येत्यें. खऱ्या स्थळाला इतकीं माणसें लागत नाहींत."

मी हात न धुताच उठले. अगदी बरोबर होतं! लिंकसुद्धा अशाच फिरवतात. तुम्ही एका पत्त्यावर जाता, तो तुम्हाला दुसऱ्याकडे ढकलतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि खरा माल चौथ्याच घरात असतो. माझं अवजार पहिल्याच दारावरची पाटी वाचून परत येत होतं. त्याला शेवटच्या घरापर्यंत चालवायचं, आणि तिथे पोचल्यावर आत येणाऱ्या फाइलचे फक्त पहिले काही बाइट उचलायचे. विंडोजवर चालणारा प्रोग्राम असेल तर त्याची पहिली दोन अक्षरं एम आणि झेड असणारच. वर फोटोचं नाव द्या, पत्रिकेचं द्या, देवाचं द्या. आत एम-झेड आहे म्हणजे तो प्रोग्राम आहे, आणि न मागता आलेला प्रोग्राम म्हणजे घात. हाच तो सैंपाकघराचा वास!

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. अखिलाची लिंक पुन्हा तपासली: मध्यस्थ शून्य, आत फोटो, ‘या’. मेमधली ती घातकी लिंक मी जपून ठेवली होती, तिचं शेवटचं घर अजून उघडं होतं: मध्यस्थ दोन, आत एम-झेड, ‘नको’. पन्नास लिंका तपासल्या, पन्नासही बरोबर. मी घरी जाऊन आत्याला मिठी मारली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने मिठी परतवली.

आणि मग तो जूनमधला शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो. मामा राहुकाळात साधी पेन्सिलसुद्धा तासायचे नाहीत. त्या दिवशी ते दहाला पाच कमी असतानाच आले, जवळजवळ पळत, हातात प्रवासाची पिशवी. अकराच्या बसने त्यांना मुलीकडे ओरत्तनाडूला जायचं होतं, आठ दिवसांसाठी, आणि तिथे इंटरनेट नव्हतं. राहुकाळाआधी घर सोडलं की पुढचा प्रवास चालतो, हा त्यांचा नियम. त्यांनी मेल उघडली आणि सेंटर दणाणेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सत्या अण्णांचें निमंत्रण आलें!"

सत्यनारायण राव म्हणजे आमच्या सगळ्या मंडळींतले थोरले. त्यांनी निम्म्या गल्लीला इंग्रजी शिकवलं, अर्ज लिहून दिले, परदेशी जायला वाट दाखवली. पत्नी गेल्यावर ते सिडनीला मुलाकडे राहायला गेले. त्यांना ऐंशी वर्षं पुरी होत होती, हे लहानथोरांना ठाऊक होतं, आणि सहस्रचंद्रदर्शन कधी, कुठे, याची सगळे वाट बघत होते. पडद्यावर त्यांच्याच पत्त्यावरून आलेली मेल होती. तीत इंग्रजीत एकच ओळ: तुम्हाला निमंत्रण आहे, बघण्यासाठी इथे क्लिक करा. खाली एक लिंक.

दुसऱ्या कोणाला त्या ओळीत काही दिसलं नसतं. मामांना त्यात होम दिसला, सुवासिनी दिसल्या, अण्णांच्या डोक्यावर चांदीच्या चाळणीतून पडणारं पाणी दिसलं. लिंक उघडून बघायलाही न थांबता ते रोमन अक्षरांत भराभर टाइप करू लागले. ‘आपले पूज्य सत्यनारायण अण्णा यांच्या सहस्रचंद्रदर्शन शांतीचें निमंत्रण आलें आहे. सर्वांनीं खालील लिंक लगेच उघडूनि पहावी.’ ‘लगेच’ हा शब्द त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिला.

मी आडवा हात घातला. "मामा, थांबा. एकदा चौकशी करूं दे."

"अण्णांच्या निमंत्रणाची चौकशी?" मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विनुता, कोणाची करत्येस, कळतें की तुला?"

"पांच मिनिटें. साडेदहाला वेळ आहे. लिंक मी लिहूनि घेत्यें, तुम्ही मजकूर पुरा करा."

सार गल्ल्यामागून माझ्याकडे टक लावून बघत होते. मी काळ्या मशीनकडे धावले. दहा वाजून सहा मिनिटं. चौकशी, लिंक, एंटर.

पहिलं घर: फुकट वेबपानं ठेवू देणारी एक जागा. तिथून ढकललं पुढे. मध्यस्थ एक. दुसरं घर, तिथून पुढे. मध्यस्थ दोन. चालत होतं! माझं अवजार एकामागून एक दारं उघडत जगाच्या पाठीवर कुठे कुठे चाललं होतं आणि मी तंजावूरच्या एका खुर्चीत बसून ते बघत होते. मध्यस्थ तीन. आणि आता शेवटचं घर...

वीज गेली.

पंखे थांबले, पडदे विझले, मोडेमचे दिवे गेले. सेंटरभर ‘अय्यो’ झालं. मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

मामा उठून उभे राहिले. "मी समोरच्या सेंटरांत जातों. त्यांच्याकडे जनरेटर आहे."

"नाहीं मामा, नका जाऊं!"

"वेळ जात्ये, विनुता."

"मजकूर तरी पाठवा, लिंक काढूनि टाका!"

"निमंत्रणांतूनि निमंत्रणच काढूं? मग काय, रिकामें पाकीट पाठवूं?" ते चपला शोधायला लागले. मी त्यांच्या चपलांवर पाय देऊन उभी राहिले. हो, राहिले! अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या चपलांवर. शरम वाटली नाही, आजही वाटत नाही.

तेवढ्यात वीज आली. दहा सतरा. मशीन चालू व्हायला तीन मिनिटं, मोडेमने फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. तिसऱ्यांदा ती किरकिर, ती शिट्टी, आणि दहा बावीसला लाइन मिळाली. माझ्या मागे मामा, मामांच्या मागे सार, त्यांच्या मागे सेंटरातली सगळी गिऱ्हाइकं. चौकशी, लिंक, एंटर. मध्यस्थ एक. मध्यस्थ दोन. मध्यस्थ तीन. शेवटचं घर. आत काय आहे?

एम. झेड.

नको.

"सांपडला!" मी इतक्या जोराने ओरडले की रस्त्यावरचा फुलवाला आत डोकावला. "मामा, हें निमंत्रण नाहीं! हा तोच, सहा मशीन मारणारा!"

मला वाटलं मामा माझी पाठ थोपटतील. मामांनी पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मागल्या खेपेलाही हेंच अक्षर आलें होतें. नको. तुझ्या मशिनाला नको शिवाय कांहीं येत नाहीं. अण्णांचें नांव आहे, अण्णांचा पत्ता आहे. मी माझ्या थोरल्याला सोडूनि तुझ्या काळ्या पेटीला मानूं?"

सारांनी तमिळमध्ये फर्मावलं, "त्यांना पाठवू दे." मामांनी त्यांच्या मशीनवर बसून वीज जाण्याआधी जपून ठेवलेला मजकूर उघडला. माउसवर हात. बाण ‘पाठवा’च्या दिशेने सरकू लागला. दहा चोवीस.

एम-झेड म्हणजे काय हे मी त्यांना सहा मिनिटांत कसं समजावणार होते? गणित शिकवलेला माणूस, पण प्रश्न गणिताचा नव्हताच, मानाचा होता. मला आत्या आठवली. शेवटी ती काय करते? शेवटी ती त्या घरालाच विचारते.

"मामा, एक सांगा. अण्णांनीं तुम्हांला तोंडीं निमंत्रण केलें होतें की?"

हात थांबला.

"गेल्या सालीं तुम्ही नातवाची मुंज केलीत. चाळीस घरें उन्हांत पायीं फिरलां. आधीं कुंकू लावूनि, अक्षता देऊनि तोंडानें सांगितलें, मग पत्रिका दिली. माझ्या अप्पांना पत्रिका आधीं मिळाली असती तर ते आले नसते, हें तुम्हीच सांगत होतां. आणि आपल्या सगळ्यांतले थोरले अण्णा, ते तुम्हांला न सांगतां नुसतें पाकीट टाकतील? फोन नाहीं, अक्षत नाहीं?"

मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका दिसली, आणि ती शंका अण्णांबद्दल नव्हती, त्या मेलबद्दल होती. ते ताडकन उठले आणि काचेच्या खोलीत शिरले.

सिडनीत दुपारचे तीन वाजत आले असणार. मामांनी नंबर डायरीतून काढला, फिरवला, आणि परदेशी फोनवर आम्ही सगळे ओरडतो तसे ओरडले, "अण्णा! मी सेतु! तंजावूरहूनि!" दार उघडंच होतं. आम्हाला मामांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "निमंत्रण... हो, मेलांत... तुम्ही पाठविलें नाहीं? ... काल रात्रीपासूनि? ... सगळें पुसलें?"

मी हवेत मूठ उडवली. जिंकले! चौकशी जिंकली! मी सारांकडे असा कटाक्ष टाकला की ते गल्ल्यातल्या पावत्या नीट करू लागले. तीनशे चाळीस घरं वाचली, आणि माझं काळं मशीनही वाचलं. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

मग मामांचा आवाज उतरला. "मग कधीं करणार, अण्णा? ... कोणीच नाहीं? ... बरें. बरें, अण्णा." रिसीव्हर हाताने झाकून ते माझ्याकडे वळले. शाळेत पोरांना चळचळा कापायला लावणारा माणूस, त्याचे डोळे भरले होते.

"मेल त्यांनीं पाठविली नाहीं. त्यांची पेटी काल रात्रीपासूनि बिघडली, पत्नीचे फोटोसुद्धां गेले त्यांत. आणि शांत बिंत कांहीं नाहीं, विनुता. मुलाला रजा नाहीं. वाढदिवसाला सकाळीं देवाला दिवा लावूनि दहीभात खाईन म्हणतात. कोणाला सांगूं नको म्हणतात."

मघाचा माझा सगळा आनंद विरला. मी एक खोटं निमंत्रण पकडलं होतं आणि त्यामागे खरं काहीच नव्हतं. ज्या माणसाने निम्मी गल्ली परदेशी धाडली, त्याच्या ऐंशीला बोलवायला एकही माणूस नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात दहा सत्तावीस.

मामांनी घड्याळ पाहिलं. रिसीव्हरवरचा हात काढला. आणि पाठ ताठ करून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अण्णा, ऐका. मी सेतुराम बोलतों. पुढल्या महिन्यांत, तमिळ आनीच्या पौर्णिमेला तंजावुरांत तुमची सहस्रचंद्रदर्शन शांत योजिली आहे. हो, मी योजिली. आतांच. तोंडीं निमंत्रण करतों आहे, अक्षत मनांत धरा. नाहीं म्हणायचें नाहीं, अण्णा. राहुकाळ लागतो, मी ठेवतों. येथला नंबर लिहूनि घ्या!" नंबर सांगून त्यांनी रिसीव्हर आदळला आणि माझ्यावर गरजले, "बघत काय उभी राहिलीस? लिही!"

मी मामांच्या मशीनवर झेप घेतली. आधीचा मजकूर पुसला, लिंक पुसली, सगळं पुसलं. मामा मागे उभे राहून सांगत होते आणि मी इतक्या वेगाने टाइप करत होते की अक्षरं पडद्यावर उशिरा उमटत होती. अण्णांच्या नावाने एक खोटी मेल फिरते आहे, ती उघडू नका. खरं निमंत्रण हे आहे. पौर्णिमा, तंजावूर, मामांचं घर. ज्याला अण्णांनी अक्षर शिकवलं, ज्याचा अर्ज अण्णांनी लिहिला, त्याने यावं. लिंक नाही, चित्र नाही, काही नाही. साधी अकरा ओळींची मेल. दहा एकोणतीस.

"पाठव!"

पाठवलं. मोडेमचा दिवा लुकलुकायला लागला. तीनशे चाळीस पत्ते, दोऱ्याएवढी बारीक लाइन. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. सारसुद्धा. ‘पाठवली’ असं उमटलं तेव्हा घड्याळात साडेदहाला काही सेकंद बाकी होते. मी मामांच्या गळ्यात पडले. मामा असल्या गोष्टींना सरावलेले नव्हते; त्यांनी माझ्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या.

मामांनी पिशवी उचलली, पण दाराशीच रेंगाळले. बस चुकली तर चुकली, म्हणाले. पंधरा मिनिटं गेली असतील नसतील, काचेच्या खोलीतला फोन वाजला. मामा माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मीच उचलला.

पलीकडून खूप लांबचा, म्हातारा आवाज आला. "सेतु आहे की?"

"मी विनुता, आजोबा. भागीरथीची भाची."

"बरें, बाळ. एक विचारायचें होतें. सिंगापुरांतूनि माझा जुना विद्यार्थी एकोजी फोन केला आतां. माझें निमंत्रण त्याला आलें म्हणतो. विमानाचें तिकीट बघत्ये त्याची बायको म्हणतो." आवाज थोडा थांबला. "माझ्या नांवानें एक खोटें गेलें, असें सेतु सांगितला. हेंही तसलेंच नाहीं ना? तूं बघितलीस की नीट?"

महिनाभर मी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेत बसले होते.

"बघितलें, आजोबा," मी म्हणाले. "मीच लिहिलें. खरें आहे."

लाइन खरखरत होती. मला वाटलं फोन कटला.

"येथें शांतीला नेसायची वेष्टी मिळत नाहीं," ते म्हणाले. "तिकडे आल्यावरच घेईन."